खाती मोजली, माणसे किती?

प्रतिनिधी

सप्टेंबर २०१७ मध्ये अमेरिकेतील 'पिव्होटल रिसर्च' या संस्थेचे विश्लेषक ब्रायन वायझर यांनी दोन आकडे शेजारी शेजारी मांडले. अमेरिकेतील १८ ते २४ वयोगटातील ४ कोटी १० लाख जणांपर्यंत तुमची जाहिरात पोहोचू शकेल, असे फेसबुकची यंत्रणा जाहिरातदारांना सांगत होती. तेथील जनगणनेच्या आकडेवारीनुसार मात्र त्या वयाची माणसेच सुमारे ३ कोटी १० लाख होती. हे वरचे एक कोटी तरुण आले कोठून, हा प्रश्न पुढे न्यायालयात गेला. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातील संघराज्य न्यायालयात दावा दाखल झाला. मार्च २०२४ मध्ये नवव्या सर्किट अपील न्यायालयाने जाहिरातदारांना सामूहिक दावा म्हणून नुकसानभरपाई मागण्याची मुभा कायम ठेवली आणि जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचे अपील ऐकण्यास नकार दिला. वादाचे मूळ एका शब्दात आहे. यंत्रणा मोजत होती खाती, जाहिरातदाराला दाखवत होती 'माणसे'. एकाच माणसाची दोन खाती असू शकतात आणि काही खात्यांमागे माणूसच नसतो.

साबण किंवा चहा विकणाऱ्याला ही तफावत कदाचित पचेल. लाखांच्या गर्दीत काही हजार इकडेतिकडे झाले तरी त्याचा माल खपतो. ज्याचे ग्राहक मोजून चारशेच आहेत, त्याने काय करावे?

अशा विक्रेत्यांसाठी गेल्या दोन दशकांत 'अकाउंट बेस्ड मार्केटिंग' ही पद्धत रूढ झाली. येथे 'अकाउंट' म्हणजे ग्राहक कंपनी. आधी कंपन्यांची यादी करायची, मग त्या कंपन्यांतील खरेदीवर प्रभाव असणाऱ्या अधिकाऱ्यांनाच जाहिरात दाखवायची, अशी ही रीत. कल्पना नवी नाही. भोसरी वा चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात फिरणाऱ्या विक्री प्रतिनिधीच्या डायरीत अशी यादी नेहमीच होती. फरक एवढाच की आता ती 'लिंक्डइन'सारख्या माध्यमावर चढवली जाते आणि पडद्यावर एक आकडा उमटतो, 'अंदाजित प्रेक्षकसंख्या'. त्या आकड्यावर अंदाजपत्रक मंजूर होते. म्हणूनच तो आकडा कसा तयार होतो, हे समजून घेणे आवश्यक ठरते.

पहिली गळती यादी जुळवतानाच होते. कंपनीचे नोंदणीकृत नाव एक, व्यवहारातील नाव दुसरे, तर संकेतस्थळ समूहाच्या तिसऱ्याच नावाने, हे आपल्याकडे सर्रास आढळते. केवळ नावांवर विसंबलेली यादी त्यामुळे अर्धवट जुळते किंवा चुकीच्या कंपनीशी जुळते. संकेतस्थळाचा पत्ता दिल्यास जुळणी सुधारते, पण लहान कारखान्यांकडे अनेकदा संकेतस्थळच नसते. शिवाय जुळलेल्या सदस्यांची संख्या किमान ३०० असल्याखेरीज लिंक्डइन मोहीम सुरूच करू देत नाही. एखाद्या व्यक्तीला नेमके हेरता येऊ नये, हा त्यामागील हेतू योग्यच आहे. पण त्यामुळे मोजकी यादी असलेल्याला निकष सैल करणे भाग पडते. त्यात यादीबाहेरच्या 'तत्सम' प्रेक्षकांना सामावून घेण्याच्या पर्यायाकडे दुर्लक्ष झाले, तर गाडीबरोबर नळ्याची यात्रा ठरलेली.

हिशेब मांडून पाहू. आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. समजा, कॉम्प्रेसर बनविणाऱ्या एका उद्योगाने ४०० कंपन्यांची यादी दिली, त्यातील ३०० जुळल्या. त्यांत उत्पादन, देखभाल व खरेदी विभागांतील वरिष्ठ पदांवरचे सदस्य ६,००० निघाले. पडद्यावर दिसतो तो हाच आकडा. पण नोकरी शोधताना खाते उघडून पुन्हा कधी न फिरकलेले यातील कितीतरी असतात. महिनाभरात प्रत्यक्ष येणारे एकतृतीयांश धरले तर उरतात २,०००. एक लाख रुपयांत हजार रुपये दराने एक लाख वेळा जाहिरात दिसणार असेल, तर सहा हजारांच्या हिशेबाने प्रत्येकाला ती सुमारे १७ वेळा दिसायला हवी. प्रत्यक्षात त्या दोन हजारांना ती सरासरी ५० वेळा दिसेल किंवा पैसे खर्चच होणार नाहीत. पोहोच फुगवून धरली की त्याची किंमत पुनरावृत्तीत मोजावी लागते, आणि अहवालात ती 'ब्रँडची जाणीव' अशा गोंडस नावाखाली दडते.

याहून मोठी फसगत सरासरीची. दोन हजार माणसे भागिले तीनशे कंपन्या, म्हणजे प्रत्येकी सुमारे सात, असे सादरीकरणात ऐटीत सांगता येते. पण यादीतील दहा मोठ्या कंपन्यांतच त्यातील १,२०० जण असले, तर उरलेल्या २९० कंपन्यांच्या वाट्याला ८०० येतात, म्हणजे सरासरी तीनसुद्धा नाहीत. टीसीएससारखी पाच लाखांहून अधिक मनुष्यबळाची एखादी कंपनी यादीत असली की एकूण आकडा असाच झुगारून वर जातो. यंत्रखरेदीचा निर्णय देखभालप्रमुख, वित्तप्रमुख आणि मालक मिळून घेतात. तेव्हा एकूण किती माणसे यापेक्षा, किती कंपन्यांत किमान तीन संबंधित माणसे गाठता येतील, हे विचारायला हवे. हा आकडा पडद्यावर आपोआप येत नाही, यादीचे लहान-मोठे गट पाडून तो काढावा लागतो. जाहिरात संस्था तो क्वचितच काढतात, कारण तो नेहमी छोटा असतो.

इंटरनेट जोडणीच्या पत्त्यावरून कार्यालय ओळखण्याची दुसरी पद्धतही वापरात आहे. २०२० नंतर अनेकांचे कार्यालय घरात आले आणि तिचा पाया खचला. आपल्याकडे बराचसा वापर मोबाइलवरून होतो आणि तेथे असंख्य ग्राहक एकच पत्ता वाटून घेतात. त्यावरून कंपनी ओळखल्याचा दावा तपासून घेतलेलाच बरा.

या साऱ्यात मोजमाप कोण करतो, हा प्रश्न कळीचा आहे. वृत्तपत्रांचा खप मोजण्यासाठी १९४८ मध्ये 'ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स' स्थापन झाली, ती प्रकाशक, जाहिरातदार व जाहिरात संस्था यांना एकत्र बसवून. दूरचित्रवाणीसाठी 'बार्क' आहे. तिसऱ्या पक्षाकडे मोजणी दिली की सारे आलबेल होते, असे मात्र नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी उघड केलेल्या टीआरपी प्रकरणानंतर वृत्तवाहिन्यांचे आकडे मार्च २०२२ पर्यंत बंद होते. तरीही तेथे निदान प्रश्न विचारायला एक दार आहे. इंटरनेटवरील पोहोच मात्र बहुतांशी जागा विकणाराच मोजतो. नोव्हेंबर २०२० मध्ये लिंक्डइनने आपल्या मोजणीतील दोषांमुळे दोन वर्षांत ४ लाख १८ हजारांहून अधिक जाहिरातदारांना झळ बसल्याचे स्वतःच जाहीर केले. त्यांपैकी ९० टक्क्यांच्या बाबतीत रक्कम २५ डॉलरहून कमी होती आणि ती भरून देण्याचे आश्वासनही कंपनीने दिले. हा प्रामाणिकपणा मान्य करूनही, दोष बाहेरच्या कोणाला दिसलाच नसता, हे विसरता येत नाही.

माध्यम कंपन्यांचा युक्तिवाद असा की, पैसे अंदाजावर नव्हे, प्रत्यक्ष दाखवलेल्या जाहिरातींवर किंवा क्लिकवर आकारले जातात. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर आहे. परंतु किती पैसे लावायचे, हे ठरते त्या अंदाजावरूनच. न्यायालयासमोरील वादाचा गाभाही तोच.

अंदाज अचूक निघाला तरी आणखी एक पायरी उरते. प्राध्यापक जॉन डॉज यांनी २०२१ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार, कंपन्या एखादी सेवा साधारण पाच वर्षांनी बदलत असतील, तर एका तिमाहीत खरेदीच्या विचारात असणारे ग्राहक जेमतेम ५ टक्के. आपल्या उदाहरणातील ३०० कंपन्यांपैकी १५. उरलेल्यांना जाहिरात दाखवणे व्यर्थ नाही, नाव लक्षात राहते. पण तिमाहीअखेर 'चौकशी किती आल्या' असे विचारणाऱ्या व्यवस्थापनाला हे पंधरा आधी सांगितलेले बरे.

आणि जुळल्याच नाहीत त्या शंभर कंपन्यांचे काय? कोल्हापूरच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव वसाहतीतील फाउंड्रीचा मालक लिंक्डइनवर नसेल, पण फोन उचलतो आणि प्रदर्शनाला येतो. यादीतील अशा नावांसमोरचा खर्च जाहिरातीच्या रकान्यातून काढून प्रतिनिधीच्या प्रवासभत्त्यात टाकायला कोणाची हरकत नसावी. जाहिरात संस्थेची असेल, कारण तिचे कमिशन प्रवासभत्त्यावर मिळत नाही.