भिंतीवरचा फार्मासिस्ट

नावातल्या साम्यामुळे पेशंटच्या हाती भलतीच गोळी पडल्याची बातमी आली की आपण हळहळतो, दुकानातल्या पोऱ्याला शिव्या देतो आणि विसरतो. त्या पोऱ्याला तिथे उभं कोणी केलं, हे मात्र विचारत नाही. डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं, असं १९४८ चा फार्मसी कायदा सांगतो. प्रत्यक्षात कित्येक मेडिकलमध्ये त्याचं प्रमाणपत्र तेवढं फ्रेममध्ये हजर असतं. ते महिन्याच्या भाड्याने आणलेलं. माणूस दुसऱ्याच गावी. हा कायदा मोडण्याचा दंड जास्तीत जास्त १,००० रुपये होता आणि तो वाढवायला २०२३ साल उजाडावं लागलं!

म्हणूनच औषध काढून देणारं स्वयंचलित यंत्र मेडिकलमध्ये आलं पाहिजे. युरोपातल्या अनेक दुकानांत ते रुळलेलं आहे. खोकं आत जाताना यंत्र त्यावरचा कोड वाचतं, मुदत टिपतं, आधी संपणारा माल आधी बाहेर काढतं आणि मुदत उलटलेला अडवतं. सारख्या नावाची, सारख्या रंगाची खोकी शेजारी असली तरी ते फसत नाही, कारण ते रंगावर जात नाही. आपल्याकडे १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० ब्रँडांवर बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा झाला; काउंटरवर तो वाचतो कोण? औषध नियमांतल्या शेड्यूल एच-वनमधल्या अँटिबायोटिक्सची आणि क्षयाच्या औषधांची नोंदवही तीन वर्षं जपायची असते. ती कित्येक ठिकाणी एका बैठकीत, एकाच शाईने भरली जाते. यंत्रात नोंद औषध निघतानाच होते. शिवाय फार्मासिस्टचा अंगठा लागल्याखेरीज कप्पा उघडू नये, अशी सोय करता येते. फ्रेमला अंगठा नसतो, आणि या यंत्राचा सगळ्यांत मोठा फायदा हाच.

‘यंत्राला माणुसकी नसते,’ असं ऐकवलं जातं. माणूसच गैरहजर ठेवणाऱ्यांनी माणुसकीचे गोडवे गावेत, ही कमाल आहे. ‘पोराला वीस वर्षांचा अनुभव आहे,’ म्हणतात. म्हणजे वीस वर्षं कायदा मोडला, एवढंच सिद्ध होतं. ‘यंत्रही चुकतं,’ हा आक्षेप मात्र खरा. चिठ्ठीवरचं नाव चुकीचं वाचून भरलं, तर यंत्र तीच चूक इमानेइतबारे बाहेर काढेल. म्हणून तर चिठ्ठी वाचायला शिकलेला माणूस हवा. फडताळं धुंडाळण्यातून सुटला, की गोळी जेवणाआधी की नंतर, आधीच्या औषधांशी तिचं जमतं का, हे सांगायला त्याला सवड मिळेल. राहिला खर्च. लहान दुकानाला पूर्ण यंत्र परवडणार नाही, हे कबूल. त्यांनी एच-वन औषधांसाठी फार्मासिस्टच्या अंगठ्याने उघडणाऱ्या एका कपाटापासून सुरुवात करावी; साखळी दुकानांना मात्र सबब नाही.

आमची मागणी साधी आहे: नवा परवाना देताना आणि जुना चालू ठेवताना अशा यंत्राची किंवा कपाटाची अट घाला. तोवर प्रत्येकाने काउंटरवर विचारावं, ‘फार्मासिस्ट कुठे आहेत?’ उत्तरादाखल भिंतीकडे बोट गेलं, तर चिठ्ठी परत घ्या आणि अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करा.