निकाल चौदाव्या दिवशी लागत नाही

१९७८ साली २५ जुलैला इंग्लंडमधल्या ओल्डहॅमच्या रुग्णालयात जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी लुईस ब्राऊन जन्मली, म्हणून हा दिवस जगभर आयव्हीएफ दिन म्हणून पाळतात. लातूर-नांदेडकडे आता या दिवसाचे अप्रूप राहिलेले नाही. गुटगुटीत बाळांचे फलक, सवलतीची शिबिरे, 'यशाची खात्री' हे सगळे आपल्या सवयीचे झाले आहे. निलंगा, औराद शहाजानी, कासार शिरसीकडची जोडपी लातूरला जातात, सोलापूरला जातात, ऐपत असेल तर पुण्याला किंवा हैदराबादला. जाताना गावात मात्र 'पाहुण्यांकडे चाललो' एवढेच सांगतात.

या जोडप्यांच्या बोलण्यात एक शब्द हल्ली वारंवार येतो : 'फ्रोझन'. अंडी काढली, भ्रूण तयार झाले, ते गोठवून ठेवले, आता पुढच्या किंवा त्याच्या पुढच्या महिन्यात एक सोडणार. पूर्वी भ्रूण तयार झाला की तीन ते पाच दिवसांत, त्याच महिन्यात, गर्भाशयात सोडत. आता अनेक ठिकाणी आधी सगळे गोठवायचे आणि गर्भाशय शांत झाले की मग सोडायचे, असा रिवाज पडला आहे.

हे गोठवणे म्हणजे काय, ते निलंगा तालुक्याला वेगळे शिकवायला नको. जनावरांच्या दवाखान्यातली द्रवरूप नायट्रोजनची टाकी इथल्या प्रत्येक शेतकऱ्याने पाहिली आहे. झाकण उघडले की पांढरी वाफ, आत उणे १९६ अंशांत ठेवलेल्या वळूंच्या रेताच्या कांड्या. शेजारच्या देवणीचे नाव ज्या जातीला मिळाले, त्या गाईंचे वाणही असेच जपले जाते. माणसाचा भ्रूण जपणारी टाकी त्याच जातकुळीची. तिला विजेची गरज नाही, नायट्रोजन वेळेवर भरत राहिले की झाले. तेव्हा लाइट गेली तर आमच्या भ्रूणांचे काय, ही धास्ती बाळगायचे कारण नाही. मुळात ही विद्याच गोठ्यातून दवाखान्यात आली. १९४९ मध्ये ख्रिस्तोफर पोल्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ग्लिसरॉल घातले की शुक्राणू गोठूनही जगतात हे उमगले. १९७३ मध्ये केंब्रिजला गोठवलेल्या भ्रूणापासून 'फ्रॉस्टी' नावाचे वासरू जन्मले. माणसाच्या गोठवलेल्या भ्रूणापासून मेलबर्नमध्ये मूल जन्मले ते १९८४ मध्ये. फरक एवढाच की गाईला कांडी भरली हे आपण पारावर बसून सांगतो. घरातल्या लेकीवर असा उपचार झाला हे सख्ख्या भावालाही सांगत नाही.

मेलबर्नच्या आधी कोलकाता होते, हे मात्र सांगितलेच पाहिजे. डॉ. सुभाष मुखर्जी यांनी भ्रूण ५३ दिवस गोठवून ठेवला आणि नंतरच्या महिन्यात, औषधांनी न चेतवलेल्या नैसर्गिक पाळीत, तो मातेच्या गर्भाशयात सोडला. ३ ऑक्टोबर १९७८ ला, लुईसनंतर सत्तर दिवसांनी, मुलगी जन्मली. अंडी वाढवण्याच्या औषधांनी गर्भाशयाचे अस्तर बिघडते, म्हणून थांबावे, हा त्यांचा विचार. आज 'फ्रीज ऑल' म्हणून जे चालते त्याचे बीज नेमके हेच. पण राज्य सरकारने या विषयाचा अनुभव नसलेल्यांची समिती बसवली, तिने दावा झिडकारला, मुखर्जींच्या बदल्या झाल्या, आणि १९ जून १९८१ ला त्यांनी आत्महत्या केली. त्यांना न्याय मिळाला तो मुंबईतून. ६ ऑगस्ट १९८६ ला केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून देशातली पहिली शास्त्रीय नोंद असलेली टेस्ट ट्यूब बेबी जन्मली; त्या कामातले त्यांचे सहकारी, परळच्या संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार, पुढे कोलकात्याला गेले, मुखर्जींच्या हस्तलिखित नोंदी वाचल्या आणि १९९७ मध्ये लेख लिहून पहिलेपणाचा मान स्वतःकडून काढून मुखर्जींना दिला. असा वैज्ञानिक विरळाच.

मुखर्जींच्या वह्या नसत्या तर आज आपण त्यांचे नावही घेतले नसते. नोंदीचा हा मुद्दा आम्हाला निलंग्यापर्यंत आणायचा आहे.

भ्रूण गर्भाशयात सोडला, म्हणजे ट्रान्सफर झाला, की बारा-चौदा दिवसांनी गर्भ राहिला का हे पाहणारी रक्ताची 'बीटा' तपासणी होते. ती पॉझिटिव्ह आली की क्लिनिकमध्ये पेढे वाटतात, जोडप्याचा फोटो निघतो आणि क्लिनिकच्या हिशेबी 'केस यशस्वी' होते. पण बीटा वर गेलेल्या सगळ्यांच्याच सोनोग्राफीत ठोके दिसत नाहीत, ठोके दिसलेल्या सगळ्याच बाळंतपणापर्यंत पोचत नाहीत. फलकावरचा टक्का यातल्या कोणत्या पायरीवर मोजला, हे तिथे लिहिलेले नसते. २०२१ च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याने यशाची शक्यता आणि धोके समजावून सांगणे क्लिनिकवर बंधनकारक केले आहे. तेव्हा जोडप्याने न लाजता विचारावे : शंभर ट्रान्सफर केलेत तर किती जणी जिवंत मूल घेऊन घरी गेल्या? माझ्या वयाच्या किती?

आणि गोठवलेला भ्रूण ताज्यापेक्षा खरोखर सरस का? चीनमध्ये पीसीओएस हा अंडाशयांचा विकार असलेल्या स्त्रियांवर झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. जिवंत मूल होण्याचे प्रमाण गोठवलेल्या गटात ४९.३ टक्के, ताज्या गटात ४२ टक्के. अंडाशये सुजून पोटात पाणी होण्याचा, प्रसंगी जीवघेणा ठरणारा त्रासही गोठवलेल्या गटात पुष्कळ कमी, ७.१ वरून १.३ टक्के. पीसीओएसवाल्या मुलीला डॉक्टर थांबायला सांगत असतील तर ते योग्यच आहे. परंतु २०१८ मध्ये चीन आणि व्हिएतनाममधून, पीसीओएस नसलेल्या स्त्रियांवरच्या दोन चाचण्या आल्या आणि त्यांत मूल होण्याच्या प्रमाणात दोन्ही पद्धतींत लक्षणीय फरक दिसला नाही. म्हणजे सरसकट सगळ्यांचे भ्रूण गोठवण्याला आधार तोकडा आहे. वाढीव खर्च मात्र पेशंटच्या अंगावर. सोयाबीनच्या भावावर ज्यांचे वर्ष ठरते त्यांच्यासाठी ही गोष्ट लहान नाही. एका खेपेला दीड-दोन लाख सहज लागतात, आयुष्मान भारतमध्ये हा उपचार बसत नाही, आणि जमिनीचा तुकडा गहाण पडतो तो कुणाला न सांगता. गोव्याने २०२३ मध्ये बांबोळीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात हा उपचार मोफत सुरू केला. लातूर आणि नांदेडला सरकारी वैद्यकीय महाविद्यालये असताना मराठवाड्याने ते मागू नये, असे काही नाही.

आता चीनच्या त्याच चाचणीतला दुसरा आकडा, जो फलकावर कधीच येत नाही. गरोदरपणात बीपी वाढून लघवीतून प्रथिने जाणे, म्हणजे प्रीएक्लॅम्पसिया, ताज्या गटात १.४ टक्के होता. गोठवलेल्या गटात ४.४. नॉर्वे, स्वीडन आणि डेन्मार्कमधल्या लाखो बाळंतपणांच्या नोंदी तपासल्या गेल्या, त्यात गरोदरपणातल्या उच्च रक्तदाबाचे विकार नैसर्गिक गर्भधारणेत ४.३ टक्के, ताज्या भ्रूणाच्या गर्भधारणेत ५.९ आणि गोठवलेल्यात ७.४ टक्के भरले. गोठवलेल्या भ्रूणाचे बाळ वजनानेही जरा जास्त भरण्याकडे कल असतो. बाळाचे वजन चांगले म्हणून घरचे खूश, पण त्यामुळे प्रसूती अडूही शकते.

बीपीचे एक संभाव्य कारण समजून घेण्याजोगे आहे. नैसर्गिक पाळीत अंडे सुटल्यावर अंडाशयात त्या जागी पीतपिंड तयार होतो. तो प्रोजेस्टेरॉन देतो, शिवाय रिलॅक्सिनसारखी, आईच्या रक्तवाहिन्या सैल करून गरोदरपणासाठी तयार करणारी द्रव्येही देतो. फ्रोझन ट्रान्सफर बहुधा गोळ्यांवर अस्तर वाढवून करतात. त्यात अंडे सुटत नाही, म्हणून पीतपिंडच नसतो. प्रोजेस्टेरॉन आपण इंजेक्शनने देतो, बाकीचे देत नाही. अशा गर्भारपणात प्रीएक्लॅम्पसिया अधिक आढळतो असे गेल्या काही वर्षांचे अभ्यास सांगतात. जिची पाळी नियमित आहे तिच्यात नैसर्गिक पाळीतच भ्रूण सोडता येतो. पण मग सोनोग्राफीसाठी खेटे जास्त पडतात आणि तारीख डॉक्टरांच्या सोयीने ठरत नाही. मुखर्जींनी १९७८ मध्ये केले होते ते हेच.

आणि इथे आमचा खरा प्रश्न सुरू होतो. ट्रान्सफर लातूरला होतो, बाळंतपण मात्र माहेरी. सातव्या महिन्यात डोहाळजेवण उरकून लेक निलंग्याला येते, इथल्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात नाव नोंदवते. तिथल्या नर्सताईंना, आशाताईंना, ड्युटीवरच्या डॉक्टरांना कोणीच सांगत नाही की हा गर्भ आयव्हीएफचा आहे, गोठवलेल्या भ्रूणाचा आहे, गोळ्यांवर वाढवलेल्या अस्तरातला आहे. आयव्हीएफची फाइल सासरच्या कपाटात. 'दृष्ट लागेल' म्हणून आई सांगत नाही, 'आपला दोष कशाला उघडा करायचा' म्हणून जावई सांगत नाहीत, मग दोष खुद्द जावयांच्याच तपासणीत निघालेला का असेना. डोके दुखते, डोळ्यांपुढे अंधारी येते, पाय सुजतात. घरातल्या बायका म्हणतात, दिवस भरत आले की असे होतेच. झटके आल्यावर गाडी लातूरच्या रस्त्याला लागते.

वेळीच कळले असते तर? जोखीम असलेल्या गरोदर बाईला बाराव्या आठवड्यापासून कमी मात्रेची ॲस्पिरिन देता येते. तिचे बीपी महिन्याला एकदा न मोजता आठवड्याला मोजता येते. बाळंतपण कोठे करायचे हे आधी ठरवता येते. झटके आले तरी मॅग्नेशियम सल्फेट हे औषध तालुक्यातही मिळते. यातले काही महागडे नाही. मूल रुजवायला लाखो रुपये घालायचे आणि बीपीचा पट्टा बांधायला कंटाळा करायचा, असे आपले चालले आहे. ट्रान्सफरनंतर पंधरा दिवस पाठ टेकून झोपून राहणाऱ्या मुली आम्ही ऐकल्या आहेत. त्या झोपण्याचा गर्भ रुजायला काडीचा उपयोग होत नाही. बीपी मोजण्याचा होतो, आणि ते कोणी करत नाही.

तेव्हा आमची मागणी लहान आहे. क्लिनिकने गरोदर बाईला सोडताना मराठीत एक पानाची चिठ्ठी द्यावी : ट्रान्सफर ताजा की फ्रोझन, पाळी नैसर्गिक की गोळ्यांची, किती भ्रूण सोडले, कोणत्या तारखेला. आणि सरकारी रुग्णालयात नाव नोंदवताना बीपी-शुगरबरोबर हाही प्रश्न विचारला जावा.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो बिनमहत्त्वाचा नाही. आपल्याकडे केसपेपर बाईच्या हातात नसतोच. तो सासूच्या पिशवीत असतो, नणंद वाचते, रिक्षावालाही वाचतो. काही जणींनी दात्या स्त्रीचे अंडे घेतलेले असते आणि ते नवरा-बायकोपलीकडे कुणालाही ठाऊक नसते. अशा गर्भारपणात बीपीचा धोका आणखी जास्त, आणि सांगणे आणखी अवघड. म्हणून हे कार्डावर मोठ्या अक्षरात लिहा असे आम्ही म्हणणार नाही. रुग्णालयाच्या रजिस्टरला सांकेतिक खूण पुरेल. आणि बीपी मोजायच्या खोलीत नर्सताईंनी सोबत आलेल्या सगळ्यांना दोन मिनिटे बाहेर बसवून, दार लोटून, त्या बाईला एकटीला विचारावे.