ओल्याबरोबर सुके

‘सुक्याबरोबर ओलेही जळते’ ही म्हण आपण सारेच वापरतो. पण कागदावर उलटेही घडते. ओल्याबरोबर सुकेही ओले ठरते! हे मला संगणकाच्या तासाला उमगले.

साठवलेल्या माहितीतून अहवाल काढताना गाळणी दोन ठिकाणी लावता येते. ‘व्हेअर’ ही अट एकेक नोंद तपासते. ‘हॅविंग’ ही अट नोंदींचे गट पाडून झाल्यावर गटाच्या बेरजेला वा सरासरीला लागते. समजा, गावात तीन शेतकरी आहेत. दोघांना विहिरीचे पाणी, म्हणून एकरी १०-१० क्विंटल बाजरी, तिसऱ्याला एकच. सरासरी निघाली ७. आता पाचांहून कमी पिकलेले शोधायचे, तर नोंदींच्या गाळणीत तिसरा सापडतो. गटाच्या गाळणीत गाव सुटते आणि गावाबरोबर तोही. पाचांखालच्या नोंदी आधीच वगळल्या, तर सरासरी १० येते. तिसरा जणू जन्मलाच नाही!

हा केवळ वहीतला हिशेब नव्हे. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्यातील ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. शेजारचे सिन्नर, येवला, शिरूर, दौंड, करमाळा त्यात होते. आपल्या जिल्ह्यातला एकही तालुका नव्हता. पुढे नोव्हेंबरात महसूल मंडळ हा गट धरला गेला. सरासरीच्या ७५ टक्क्यांहून आणि ७५० मिलिमीटरहूनही कमी पाऊस, ही अट लागली. तेव्हा १,०२१ मंडळे दुष्काळसदृश ठरली आणि आपली मंडळेही यादीत आली. पाऊस तोच होता. बदलली ती गटाची रेघ आणि गाळणीची अट.

गट पाडूच नयेत, असे माझे म्हणणे नाही. दुष्काळात शेत न् शेत मोजत बसले, तर मदत पोचेपर्यंत उन्हाळा सरेल. परंतु अतिवृष्टी झाली की शेतनिहाय पंचनामा होतो, ३३ टक्के वा अधिक नुकसान पाहिले जाते. मग वाहून गेलेल्या शेताला जो मान, तो करपलेल्या शेताला का नसावा? यादी गटाने जरूर करावी. पण सुटलेल्या गटांतल्या नोंदीही एकवार चाळाव्यात.

मित्रहो, उद्या आपल्यातलेच कोणी कचेरीत बसून असे अहवाल काढतील. सही करण्यापूर्वी त्यांनी एवढेच विचारावे : गाळणी आधी लावली की नंतर? आणि तिच्यातून निसटले ते कोण?