लोहाराच्या वहीतल्या रेघा

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाला चार खुरपी आणि दोन कुदळी घेऊन गावातल्या लोहाराकडं गेलो. कुदळी शेवटून झाल्या, खुरप्यांना धार लागली. उठताना सवयीनं म्हणालो, "लिहून ठेव." त्यानं मुकाट्यानं वही पुढं केली. माझ्या नावापुढं दिवाळीपासूनच्या रेघा होत्या. एका कामाची एक रेघ. हिशेब निघाला 640 रुपये.

माझ्या लहानपणी बलुतं होतं. लोहार वर्षभर फाळ शेवटायचा, कुळवाची पास ठोकून द्यायचा आणि सुगीला खळ्यावर येऊन धान्य न्यायचा. त्या पद्धतीचे गोडवे मला गायचे नाहीत. खळ्याच्या कडेला उभं राहून मागावं लागे, आणि किती घालायचं ते देणाऱ्याच्या मर्जीवर. ती मोडली, बरं झालं. पण आम्ही शेतकऱ्यांनी तिच्यातलं सोयीचं तेवढं राखलं. धान्य बंद केलं, उधारी चालू ठेवली.

आता सरकार म्हणतं, कारागिराला भांडवल पाहिजे. सप्टेंबर 2023 मध्ये पीएम विश्वकर्मा योजना निघाली. लोहार, सुतार, कुंभार धरून 18 धंदे त्यात आहेत. हत्यारांसाठी 15,000 रुपये आणि 5 टक्के व्याजानं पहिलं कर्ज 1 लाखापर्यंत. योजना वाईट नाही. आमच्या लोहारानंही नाव घातलं. घण मारून मारून अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या, मशीनवर ठसा उठेना. तिसऱ्या खेपेला उठला. त्या दिवशी मी विचारलं, "मग कर्ज घेणार ना?"

तो म्हणाला, "आबा, कर्ज काढून कोळसा आणीन, लोखंड आणीन, विळे करीन. ते तुम्ही लिहून ठेवायला सांगाल. मग बँकेचा हप्ता मी कुणाच्या वहीत लिहू?"

याला योजनेत उत्तर नाही. त्याला कोळसा रोखीनं, लोखंड रोखीनं, आणि गिऱ्हाईक सगळं उधारीचं. कारखान्यातला विळा आपण बाजारात रोख मोजून आणतो. त्याची मूठ निखळली की पाय पुन्हा भात्याकडं.

ऊस गेल्यावर 14 दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, असं 1966 चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. तारीख चुकली की आम्ही रस्त्यावर बसतो, आणि बसलंच पाहिजे. लहान उद्योगाचं बिल 45 दिवसांत द्यावं असा 2006 चा कायदाही आहे. पण लोहाराकडं बिल कुठलं? त्या रेघा घेऊन तो कुठल्या कचेरीत जाणार?

कुणी म्हणेल, शेतकऱ्याच्याच हातात पैसा नाही तर तो देईल कुठनं? मीही आजवर हेच म्हणत आलो. पण पंपावर डिझेल उधार मागतो का आपण? मोबाईलचं रिचार्ज? जो नडवतो त्याला रोख, जो गप बसतो त्याला उधार. ही आपली रीत आहे, आणि ती बदलायला कुठल्या मंत्र्याची सही लागत नाही.

घरी गेलो आणि 640 रुपये आणून त्याच्या हातावर ठेवले. त्यानं ते दोनदा मोजले. रेघांवर काट मारली आणि माझ्या तोंडाकडं बघत विचारलं, "आबा, गाव सोडून निघालाय का काय?"