ऑनलाइन खेळाची वर्गणी आणि प्रकाशाचा वेग

मागच्या महिन्यात प्रात्यक्षिकाच्या तासाला अकरावीचे दोन विद्यार्थी लंबक सोडून वाद घालीत होते. एकाकडे प्लेस्टेशन, दुसऱ्याकडे एक्सबॉक्स. ऑनलाइन खेळायला कोणाची सेवा सरस? दोघेही वर्गणीचे आकडे आणि सोबत मिळणाऱ्या गेमची संख्या एकमेकांना ऐकवीत होते. मला विचाराल तर ही तुलना चुकीच्या जागी सुरू होते.

समजा, तुम्ही मुंबईत आहात आणि खेळाचा सर्व्हर सिंगापूरला आहे. सरळ अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला जवळजवळ दोन लाख किलोमीटर जातो. भागाकार करून पाहा. जायला साधारण २० मिलिसेकंद, जाऊन यायला ४०. समुद्रातील केबल सरळ रेषेत नसते, वाटेत यंत्रेही असतात. तेव्हा प्रत्यक्षातला वेळ याहून जास्तच. पडद्यावर सेकंदाला ६० चित्रे उमटत असतील, तर एक चित्र सुमारे १७ मिलिसेकंद टिकते. म्हणजे सर्व्हरचे उत्तर येईपर्यंत दोनाहून अधिक चित्रे सरलेली असतात. कितीही वर्गणी भरा, हा विलंब घटत नाही. विलंब एकसारखा असेल तर हात त्याला सरावतो तरी. तो कमीजास्त होत राहिला, तर मात्र डाव हातचा जातो.

पूर्वी विलंबाचे मोठे कारण घरातच असे. सेगा कंपनीच्या ड्रीमकास्टला टेलिफोनचा मोडेम होता. मायक्रोसॉफ्टने २००२ साली एक्सबॉक्स लाइव्ह सुरू केली ती केवळ ब्रॉडबँडसाठी. तो निर्णय धाडसाचा होता आणि योग्यही. शिवाय वर्गणीच्या बदल्यात मित्रांची यादी, खेळता खेळता बोलण्याची सोय असे खरोखर काही नवे मिळत होते.

पुढे मात्र काय झाले? सोनीने प्लेस्टेशन ३ वर ऑनलाइन खेळ मोफत ठेवला आणि २०१३ साली प्लेस्टेशन ४ वर त्यालाच वर्गणी लावली. निन्टेन्डोने २०१८ च्या सप्टेंबरपासून स्विचवर तेच केले. त्याच वर्षीच्या 'सुपर स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट'मध्ये खेळाडूंचे कन्सोल एकमेकांशी थेट जोडले जातात; सर्व्हर फक्त गाठ घालून देतो. वर्गणी तुमची, वीज तुमची आणि इंटरनेटही तुमचेच! उलट 'फोर्टनाइट'चे सर्व्हर गेम करणारी कंपनी चालवते. निरनिराळ्या कन्सोलवरचे खेळाडू २०१८ पासून तेथे एकत्र खेळतात. एक्सबॉक्सवर असे मोफत गेम ऑनलाइन खेळायलाही २०२१ च्या एप्रिलपर्यंत वर्गणी लागे. मग ती अट काढली. अंतर तेच, केबल तीच. मग आधीची वर्गणी कशाची होती? माझ्या मते ती बरीचशी वेशीवरची जकात होती.

त्या दोघांना मी मोजायला सांगितले. दोन्ही कन्सोल एकाच घरी आणायचे, दोन्हींवर चालणारा एकच गेम लावायचा आणि पडद्यावर दिसणारा पिंग, म्हणजे संदेश जाऊन येण्याचा वेळ, वहीत टिपायचा. पहाटे आणि रात्री नऊला, वायफायवर आणि तारेने जोडून, प्रत्येकी वीस निरीक्षणे. सरासरीबरोबर कमाल व किमानही लिहायचे. (स्विचवाल्यांनो, तुमच्या २०१७ च्या डॉकला लॅनची जागा नाही, वेगळा जोड लागेल.)

वह्या आल्या. कन्सोल बदलून पडलेला फरक, वायफाय सोडून तार लावल्याने पडलेल्या फरकापुढे किरकोळ होता. लंबकाचे प्रात्यक्षिक मात्र दोघांचेही अजून अपुरे आहे.