मोडक्या नमुन्यांसाठी एक खोली

या स्मरणिकेत शाळेच्या यशाविषयी पुष्कळ लिहिले जाईल, आणि ते योग्यच आहे. आम्हांस मात्र या निमित्ताने बिघडलेल्या वस्तूंविषयी लिहावेसे वाटते. विज्ञान प्रदर्शनात आपले विद्यार्थी ज्या यांत्रिक प्रतिकृती मांडतात, त्या बहुधा एकदाच केलेल्या असतात. रंग ताजा, पाटी सुबक, परीक्षकांपुढे दोन मिनिटे चाक फिरले की काम संपले. चौथ्या दिवशी ती वस्तू माळ्यावर जाते. यातून विद्यार्थी सजावट शिकतो. यंत्र शिकायचे तर तीच वस्तू दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा करावी लागते. तसे करण्यासाठी आपल्या शाळेत जागा नाही. माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून प्रवेशद्वारी कमान उभारावी की कार्यशाळा, याची सध्या चर्चा आहे. आमचे मत कार्यशाळेच्या बाजूचे आहे.

आम्ही इतिहासाचे शिक्षक. म्हणून आधी इतिहासातले सांगतो. १७६३-६४ च्या सुमारास ग्लासगो विद्यापीठात उपकरणे दुरुस्त करणाऱ्या जेम्स वॅटकडे न्यूकोमेनच्या वाफेच्या इंजिनाची वर्गात दाखवायची छोटी प्रतिकृती आली. दुरुस्ती झाली, तरी चार ठोके मारून ती थांबे. खाणींवरची मोठी इंजिने तर चालत होती! खेळणेच ते, असे म्हणून ती परत करता आली असती. वॅटने मोजमाप केले. लहान सिलिंडरचा पृष्ठभाग त्याच्या आकारमानाच्या मानाने जास्त, म्हणून प्रत्येक ठोक्याला थंड झालेला सिलिंडर पुन्हा तापवण्यातच बहुतेक वाफ खर्ची पडत होती. मोठ्या इंजिनातही हाच दोष होता, फक्त तो कोळशाच्या ढिगाऱ्याआड लपला होता. १७६५ मध्ये वाफ वेगळ्या पात्रात थंड करण्याची कल्पना त्याला सुचली. परंतु कारखान्यात कामाला येणारी इंजिने उभी राहण्यास १७७६ साल उजाडले. मधला काळ दट्ट्याच्या कडेने गळणाऱ्या वाफेशी झगडण्यात गेला. जॉन विल्किन्सनने सिलिंडर अचूक कोरणारे यंत्र बनवले, तेव्हा कुठे ते गळणे आटोक्यात आले. मुलांच्या पुस्तकांत वॅटची किटली येते, ही दहा-अकरा वर्षे येत नाहीत.

अलीकडचे उदाहरण अमेरिकेतील एमआयटी या संस्थेचे आहे. तेथील अमोस विंटर हा विद्यार्थी २००५ मध्ये टांझानियात गेला. अपंग व्यक्तींची नेहमीची चाकाची खुर्ची कच्च्या रस्त्यावर अडते, आणि हाताने चालवायची तीनचाकी घरात मावत नाही, हे त्याने पाहिले. पुढे सहकारी विद्यार्थ्यांसह त्याने दोन तरफांनी चालणारी खुर्ची तयार केली. तरफ वरच्या टोकाला धरली की जोर मिळतो, खाली धरली की वेग मिळतो. गिअर बदलण्याचे काम माणसाचा हातच करतो. चालवण्याचे भाग सायकलचे घेतले, म्हणजे कोणत्याही गावातला सायकलवाला दुरुस्ती करू शकेल. तरीही पूर्व आफ्रिकेत पहिला नमुना वापरणाऱ्यांनी स्पष्ट सांगितले, की रस्त्यावर ठीक, पण घरात जड आणि रुंद. खुर्ची पुन्हा आखली गेली. मग ग्वाटेमालात चाचणी झाली, त्यानंतर जयपूर फूट बसवणाऱ्या संस्थेच्या मदतीने भारतात. वापरणाऱ्याने काढलेला दोष हाच तेथे पुढच्या आराखड्याचा मजकूर होता.

एवढे लांब जाण्याचीही गरज नाही. नववीच्या काही मुलामुलींनी व्हरांड्यात बसून सायकल-कोळपे केले, ते आम्ही जवळून पाहिले आहे. पहिला नमुना बांबूचा आणि पुठ्ठ्याचा. त्यावर फक्त मुठीची उंची ठरली. दुसरा जुन्या सायकलच्या चाकाचा आणि लोखंडी पाइपचा. शेतात नेला तेव्हा पास, म्हणजे मातीत जाणारे पाते, इतके उभे बसले होते की ते रुतून कोळपे जागीच थांबले. पास आडवी केली, तर ते तणावरून नुसतेच सरकू लागले. मुलांनी पट्टीला ओळीने भोके पाडली आणि एका वेळी एकच कोन बदलत वहीत नोंद ठेवली. एका वेळी एकच बदल, ही शिस्त त्यांना कोणत्याही तासाला आम्ही शिकवू शकलो नव्हतो. नंतर हादऱ्याने बोल्ट सैल होऊ लागले, तेव्हा दुहेरी नट आले. शेवटी एका मुलीच्या आईने कोळपे हातात घेतले आणि पाचव्या मिनिटाला कंबर धरली. मुठीची उंची मुलांनी स्वतःच्या मापाने घेतली होती! वर-खाली सरकणारी मूठ ही चौथ्या नमुन्यात आली. प्रदर्शनात त्या कोळप्याला बक्षीस मिळाले नाही, कारण त्याला रंग दिलेला नव्हता.

येथे पालकांचा एक आक्षेप आहे आणि तो आम्ही हलका मानत नाही. ‘सर, पाना-पक्कड आमच्या घरात होतीच की. पोराला इथं ठेवलं ते त्यातून सुटावं म्हणून.’ या वाक्यामागे शतकांचा अनुभव उभा आहे. १९३७ मध्ये वर्ध्याला हस्तोद्योगावर आधारलेल्या शिक्षणाची योजना मांडली गेली. ज्यांच्यावर जन्माने उद्योग लादला गेला होता, त्यांना अशा शिक्षणाविषयी शंका वाटणे स्वाभाविकच होते. जातिव्यवस्था कामाबरोबर काम करणाऱ्या माणसांनाही उतरंडीत बांधते, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच दाखवून दिले होते. पण त्याच बाबासाहेबांनी १९४२ मध्ये सरकारपुढे ठेवलेल्या निवेदनात आपल्या विद्यार्थ्यांसाठी विज्ञान व तंत्रशिक्षणाच्या शिष्यवृत्त्या मागितल्या. त्यांना कारखान्याचे वावडे नव्हते. तेथे आपला माणूस फक्त हुकूम ऐकणारा असावा, हे त्यांना मान्य नव्हते. वडील दुसऱ्याने ठरवलेल्या कोनात पास ठोकत आले. मुलगी तो कोन स्वतः मोजते, बदलते आणि का बदलला हे लिहून ठेवते. या दोन कामांत हत्यार तेच असले, तरी अधिकार वेगळा आहे. आमच्या मते आपल्या शाळेने देण्यासारखी गोष्ट हीच आहे, आणि ती कमानीतून मिळत नाही.

मागणी फार मोठी नाही. जाड फळ्यांची चार टेबले, दोन व्हाइस, एक ड्रिल मशीन, कानशी, व्हर्निअर कॅलिपर, डोळ्यांसाठी चष्मे. वेल्डिंग जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच व्हावे. आयटीआय आणि पदविका करून कारखान्यांत गेलेले आपले माजी विद्यार्थी महिन्यातला एक रविवार देऊ शकतील. आम्हांला त्यांच्या पैशांपेक्षाही त्या रविवारची आशा अधिक आहे. भिंतीला एक लांब फळी हवी, तिच्यावर मोडलेले नमुने तारीख आणि दोष लिहून ठेवायचे. ज्याला आपला आधीचा नमुना दाखवता येत नाही, त्याचा बक्षिसासाठी विचार करू नये, असा नियमही प्रदर्शनाला लावावा. आरंभी नाराजी होईल, होऊ द्यावी.

जागा वसतिगृहामागच्या जुन्या धान्यगोदामाची आहे. छत गळते. पावसाळ्यापूर्वी पत्रे बदलून झाले, तर जूनमध्ये नववीची पहिली तुकडी तेथे कामाला बसवता येईल.