इतिहासलेखनातील उमेदवारी

इतिहासावरील पुस्तकांना महाराष्ट्रात ग्राहक मिळत नाही, अशी तक्रार कोणी करू शकणार नाही. ‘स्वामी’ १९६२ साली व ‘छावा’ १९७९ साली प्रसिद्ध झाली. या कादंबऱ्यांच्या नव्या आवृत्त्या आजही निघत असतात. कादंबरीची वाट सोडून आपल्या तालुक्यातील किल्ल्यावर, एखाद्या सरदार घराण्यावर वा लढाईवर सामान्य वाचकासाठी लिहू पाहणारे शिक्षक, कारकून व विद्यार्थीही गावोगावी आहेत. मागणी आहे, उत्साह आहे. तुटवडा आहे तो अशा होतकरू लेखकाचे हस्तलिखित ओळ न् ओळ तपासून देणाऱ्या जाणत्या माणसाचा.

ही तपासणी म्हणजे भाषेवरून हात फिरविणे नव्हे. मराठेशाहीच्या कागदांत सुहूर सन आढळतो आणि तोही अनेकदा आकड्यांत नसून अरबी शब्दांत असतो. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे ११६१. त्यात ५९९ मिळविले की इसवी सन येतो, एवढेच नवशिक्याने कोठेतरी वाचलेले असते. परंतु हे वर्ष मृगाच्या सुमारास सुरू होत असल्याने जानेवारीच्या पत्रासाठी ६०० मिळवावे लागतात. ही एक गोष्ट ठाऊक नसली की पानिपतचा संग्राम १७६१ ऐवजी १७६० च्या जानेवारीत जाऊन पडतो आणि मागचीपुढची सारी पत्रे एकमेकांशी भांडू लागतात. लेखक मग कल्पनेने तो तंटा मिटवितो. आणि दुर्दैव असे की, नेमकी तीच पाने वाचकाला अधिक रंगतदार वाटतात! जवळ कोणी जाणता असेल तर तो जंत्री पुढे सरकवितो, मूळ मोडी कागद कोठे पाहिला असे विचारतो आणि आवडते प्रकरण काढून टाकावयास लावतो. ही उमेदवारी चारसहा महिन्यांत उरकत नाही.

पूर्वीचे विद्वान हे काम निरपेक्षपणे करीत, असे मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. ते खरेही आहे. सर जदुनाथ सरकार व रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी अनेक दशके एकमेकांचे लेखन पत्रांतून पारखले. माळव्यातील सीतामऊ संस्थानचे राजपुत्र रघुवीरसिंह सरकारांच्या मार्गदर्शनाखाली संशोधक म्हणून तयार झाले आणि पुढे पुणे रेसिडेन्सीच्या पत्रव्यवहाराचा एक खंड संपादण्याइतकी त्यांची योग्यता झाली. मात्र या निरपेक्षतेचा खर्च कोणीतरी सोसत होते, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. सरदेसाई बडोदे सरकारच्या नोकरीत होते. राजपुत्रांच्या अध्यापनासाठी केलेल्या टिपणांतूनच रियासतीचा उगम झाला. १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे जे ४५ खंड त्यांनी संपादिले, तेही मुंबई सरकारचे काम होते. गुरूची विद्या विनामूल्य होती. त्याचा चरितार्थ विनामूल्य नव्हता.

आज तो आधार उरलेला नाही. प्राध्यापकाच्या बढतीसाठी शोधनिबंध मोजले जातात; परक्याच्या हस्तलिखितावर घालविलेल्या सुट्या कोणी मोजीत नाही. प्रकाशक छपाईचा व जाहिरातीचा खर्च करतो, लेखकाला मानधन देतो. तपासणाऱ्याच्या वाट्याला ऋणनिर्देशातील एक ओळ येते.

त्या ओळीचीही धास्ती वाटावी, असे प्रसंग घडले आहेत. एका परदेशी अभ्यासकाच्या शिवाजी महाराजांवरील पुस्तकातील मजकुरावरून क्षोभ उसळला, तेव्हा डिसेंबर २००३ मध्ये पुण्यातील एका संस्कृत पंडिताच्या तोंडाला काळे फासण्यात आले. पुस्तकात त्यांचे आभार मानलेले होते, एवढाच त्यांचा संबंध. पुढे ५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर संस्थेवर हल्ला होऊन ग्रंथांची व वस्तूंची नासधूस झाली. पुस्तकातील तो मजकूर आक्षेपार्ह होता की नाही, हा स्वतंत्र वादाचा विषय आहे. पण लेखकाच्या विधानाचा दंड साहाय्यकाने भरावयाचा, असा पायंडा पडला तर साहाय्य कोण करील? ज्या व्यवहारात नफा एकाचा आणि जोखीम दुसऱ्याची, त्यातून शहाणा माणूस मुकाट्याने अंग काढून घेतो. अशा माघारीची बातमी होत नाही. ती फक्त पुस्तकांतील चुकांच्या रूपाने पुढे दिसते.

राज्याचे साहित्य आणि संस्कृती मंडळ नवोदितांच्या पहिल्या पुस्तकाच्या प्रकाशनास अनुदान देते. इतिहासविषयक पुस्तकांपुरता तरी काही पैसा छपाईच्या आधीच्या टप्प्यावर वळवावयास हवा. मोडी वाचन शिकलेल्या होतकरू लेखकाने दोन वर्षे दफ्तरात बसावे आणि त्याचे टिपण तपासणाऱ्याला रीतसर मेहनताना मिळावा. शिवाय तपासणाऱ्याचे दायित्व साधनांच्या अचूकपणापुरतेच असून निष्कर्ष सर्वस्वी लेखकाचे आहेत, हे प्रत्येक पुस्तकात ठळकपणे छापले जावे. प्रकाशकांनीही गाजलेल्या पुस्तकांच्या विक्रीतून अल्पसा हिस्सा या कामी द्यावयास हरकत नाही. त्यांचाच माल त्यामुळे अधिक टिकाऊ होईल.

यावर असा आक्षेप येईल की, गुरू आपले पूर्वग्रह शिष्याच्या गळ्यात बांधतो. आक्षेप निराधार नाही. पुण्याच्या संशोधकांचे आणि सरदेसायांचे सख्य कधीच नव्हते आणि दोन्ही बाजूंच्या अनुयायांनी ते वैर इमानाने पुढे चालविले. म्हणून एका हस्तलिखितास दोन तपासनीस असावेत, आणि शक्यतो परस्परांशी न पटणारे. असे दोघे शोधणे महाराष्ट्रात मुळीच अवघड जाणार नाही. त्यांना एकाच खोलीत बसवू नये म्हणजे झाले.